पाठीतली सुई

१

गोपिका नर्सिंग होममधून तीन माणसं हसतखेळत घरी गेली आणि महिन्याभरात तिघांच्याही तिरड्या उठल्या. साल होतं अठ्ठ्याहत्तर, महिना जूनचा, आणि नागपूरच्या धंतोलीत ज्याच्या त्याच्या तोंडी हाच विषय होता. पार्वतीबाईंची गर्भपिशवी काढली होती, वामनरावांचा हर्निया शिवला होता, कापडदुकानवाल्या नानाजींची मूळव्याध कापली होती. टाके निघाले, जखमा भरल्या, पोळीभाजी सुरू झाली. मग आठ-दहा दिवसांनी डोकं दुखायला लागलं. मग ताप, मग मान ताठ, मग बरळणं, मग शुद्धच नाही. तिघांत सारखी गोष्ट एकच. ऑपरेशनच्या आधी कमरेखालचं अंग बधिर करायला तिघांच्याही पाठीच्या कण्यात सुई दिली होती.

म्हणून औषध निरीक्षक मधुकरराव वैरागडे यांना बोलावणं आलं. मधुकररावांची वीस वर्षं खडूच्या गोळ्या, रंगवलेलं पाणी आणि लेबलं बदललेल्या बाटल्या पकडण्यात गेली होती. त्यामुळे जगात कोणी खरं बोलतं, यावर त्यांचा विश्वास उरला नव्हता. त्यातून बायकोला वगळायचं, आणि तीही वरणात मीठ किती घातलं ते धड सांगायची नाही.

नर्सिंग होमचे मालक डॉ. देवराव पातुरकर यांनी औषधांचं कपाट सताड उघडून दाखवलं. "भुलीच्या औषधाच्या बारा अँप्यूल कमी आहेत, मधुकरराव. किल्ली एकाच माणसाकडे असते, सिस्टर प्रेमिला गजभियेकडे. खरं औषध बाहेर विकलं आणि बाजारातलं नकली आणून ठेवलं. दुसरं काय?"

"ती काय म्हणते?"

"काय म्हणणार? पोलीस विचारायला आले आणि दुसऱ्याच दिवशी बाईंचं डोकं दुखायला लागलं. आता सरकारी दवाखान्यात जाऊन पडली आहे. सगळं ढोंग."

मधुकररावांनी उरलेल्या अँप्यूलच्या काचेच्या कुप्या पिशवीत भरल्या आणि सायकल हाणत भर उन्हात सरकारी दवाखाना गाठला. वॉर्डाच्या दाराशी एक हवालदार पेंगत बसला होता. आत प्रेमिलाची आई भागीरथाबाई लेकीच्या डोळ्यांवर ओला पदर धरून होती, कारण मुलीला उजेड सोसत नव्हता. मुलगी चोवीस वर्षांची, घराण्यातली पहिली शिकलेली, पहिली नर्स. वॉर्डातल्या डॉक्टरांनी तिच्या डोक्याखाली हात घालून मान उचलून पाहिली. मान वाकेना, सगळी पाठच उचलून आली.

"ढोंग करणाऱ्याला हे जमत नाही," डॉक्टर म्हणाले. "आधीचे तिघं याच वॉर्डात गेले. क्षयाचा मेंदूज्वर समजून मी औषधं दिली, एकालाही लागू पडली नाहीत. हिलाही पडत नाहीत. कारण सापडलं नाही तर हिच्याकडे फार तर दहा दिवस आहेत." ते जरा थांबले. "आणि हिचं अपेंडिक्स दोन जूनला काढलंय. कुठे काढलं ते विचारा."

"कुठे?"

"गोपिकातच. पाठीत सुई देऊन."

२

नकली औषध स्वतः आणून ठेवणारी बाई तेच औषध स्वतःच्या पाठीत टोचून घेईल, असं म्हणायला डोकं फिरायला हवं. मधुकररावांचं अजून फिरलं नव्हतं. ते स्टूल ओढून खाटेजवळ बसले.

"साहेब, अँप्यूल म्या नाही घेतल्या," प्रेमिला डोळे मिटूनच बोलली. एकेक शब्द तिला ओझं उचलल्यासारखा उचलावा लागत होता.

"ते राहू दे. तुझ्या ऑपरेशनच्या दिवशी थिएटरमध्ये वेगळं काही झालं का?"

"नाही जी. रोजच्यासारखंच झालं सारं."

"माही पोरगी जगन का साहेब?" भागीरथाबाईंनी मध्येच विचारलं. आपण औषधवाले साहेब आहोत, डॉक्टर नाही, हे मधुकररावांनी त्यांना समजावून सांगितलं. त्यावर त्या म्हणाल्या, "मंग औषध काहून नाही देत?" मधुकररावांनी स्टूल मागे सारलं. ते उठून पुन्हा धंतोलीला आले.

ऑपरेशन थिएटरमध्ये पाऊल टाकताच त्यांना हायसं वाटलं. बाहेर पंचेचाळीस डिग्री, आणि आत खिडकीतला भला मोठा कूलर धडधडत गार वारा फेकत होता. वाऱ्याला ओल्या गोणपाटाचा वास होता, पण त्या उन्हातून आलेल्या माणसाला वासाचं काय पडलंय! भूल देणारे डॉ. ताराचंद सारडा तिथे पुढच्या केसची तयारी करत होते. शहरातल्या चार नर्सिंग होममध्ये ते स्कूटरवरून फिरत.

"देखो वैरागडेसाब, माझ्या हातून चूक होणं शक्यच नाही," ते म्हणाले. "सिरिंज मला एकदम सूखी पाहिजे, कोरडी ठणठणीत. उकळलेल्या पाण्याचा एक थेंब जरी आत राहिला तरी मी ती परत करतो. पाठीच्या कण्यात शुद्ध औषधाशिवाय काही जाऊ देत नाही मी."

थिएटरचा जुना अटेंडंट चंद्रभान कोपऱ्यात हातमोजे धूत होता. पन्नाशीचा, शांत माणूस. त्यालाही मधुकररावांनी तोच प्रश्न टाकला.

"वेगळं काहीच नाही जी," तो म्हणाला. "सिस्टर चोर नाही साहेब. थे पेशंटच्या आधी पानी बी पेत नाही."

मधुकरराव निघाले आणि दाराशी थबकले. सारडांची चामडी बॅग टेबलावर उघडी होती. आत अँप्यूल होत्या. त्यांनी विचारल्याशिवाय एक उचलली आणि वरचा बॅच नंबर वाचला. तो गोपिकाच्या कपाटातलाच होता.

३

सारडांचा चेहरा आधी लाल झाला, मग उतरला. "अरे भाई, चोरी कसली! दुसऱ्या नर्सिंग होममध्ये ऐन वेळी औषध संपलेलं असतं. इथे केससाठी बाहेर काढलेल्यातल्या मी चार नेतो, नंतर आणून ठेवतो. या वेळी ठेवायचं राहून गेलं."

"आणि त्यापायी एक पोरगी पोलिसांच्या तोंडी दिली?"

"मला काय माहीत किती कमी पडल्या ते! मला कोणी विचारलंच नाही."

हे मात्र खरं होतं. किल्ली जिच्याकडे, चोर ती, असा हिशेब सगळ्यांनी परस्पर करून टाकला होता. मधुकररावांना संताप आला, पण तो गिळून त्यांनी कामाचं विचारलं. "या बारा ज्यांना टोचल्या ते पेशंट कसे आहेत?"

"सगळे ठणठणीत. विचारून या."

ते विचारून आले. सगळे खरंच ठणठणीत होते. म्हणजे चोरी सुटली, पण कोडं होतं त्याहून घट्ट झालं. तेच औषध, तोच डॉक्टर, तीच सुई टोचण्याची जागा, आणि दुसऱ्या दवाखान्यांत कोणाला साधी शिंकही आली नाही. औषधात काही नव्हतं. आणि मधुकररावांना औषधापलीकडचं काही कळत नव्हतं.

सरकारी दवाखान्यात रोग्याच्या पाठीतलं पाणी बाटलीत भरून नातेवाइकांच्या हाती द्यायचे आणि नातेवाइकांनी ते सीताबर्डीला भैय्याजींच्या लॅबमध्ये पोचवायचं, अशी पद्धत होती. बाटलीत पोषक रस असतो. पाण्यात जंतू असतील तर त्यावर वाढतात आणि दिसतात. भैय्याजींनी तिन्ही मेलेल्यांचे रिपोर्ट दिले होते, 'वाढ नाही'. मधुकरराव जिना चढून गेले तर वर चपला बाहेर काढायची पाटी. भैय्याजींची लॅब म्हणजे देवघर. साठीचा माणूस दिवसातून तीनदा स्वतः फरशी पुसायचा.

मधुकररावांनी नोंदवही मागितली. चाळीसेक नावं होती. त्यांतल्या तीन नावांसमोर बारीक अक्षरात लिहिलं होतं, 'पुन्हा लावले'. तिन्ही नावं गोपिकाची.

"पुन्हा काहून लावले, भैय्याजी?"

"खराब झाल्या होत्या बाटल्या."

"म्हणजे काय झालं होतं?"

भैय्याजींनी उगाचच टेबल पुसलं. "बुरशी आली होती. येते कधी कधी, हवेतून पडते. पण माझ्या लॅबचा बुरशीचा रिपोर्ट बाहेर गेला असता तर लोकांनी म्हटलं असतं, भैय्याजीकडे घाण आहे. मी त्या फेकल्या आणि पुन्हा लावल्या. दुसऱ्यांदा काही उगवलं नाही."

"दुसऱ्यांदा किती दिवस ठेवल्या?"

"तीन. जंतू असता तर तेवढ्यात दिसला असता."

"आणि बुरशीला किती दिवस लागतात?"

भैय्याजींनी हातातलं फडकं खाली ठेवलं. त्यांना उत्तर माहीत होतं, पाच-सहा.

"हवेतून पडली म्हणता," मधुकरराव म्हणाले, "तर चाळीस बाटल्यांत पडायला हवी. तुमच्या हवेला नेमके गोपिकाचेच पेशंट बरे ओळखू येतात!"

भैय्याजींनी नोंदवही स्वतःकडे ओढून ती तीन नावं पुन्हा वाचली. लॅबच्या अब्रूपायी आपण काय फेकून दिलं, हे त्यांच्या ध्यानात येत होतं आणि ते त्यांच्या तोंडावर वाचता येत होतं.

"प्रेमिला गजभियेची बाटली कुठे आहे?" मधुकररावांनी विचारलं.

भैय्याजींनी मोरीकडे पाहिलं. "तिच्यातही आली होती. तुम्ही यायच्या जरा आधीच फिनेलच्या बादलीत टाकली."

४

नशीब एवढंच की बूच उघडलं नव्हतं. भैय्याजींनी बाह्या वर न करताच बादलीत हात घातला. बाटली बाहेर आली, धुतली, उजेडात धरली. तळाशी कापसासारखा पुंजका होता आणि त्यावर हिरवट काळी भुकटी धरली होती. त्यातला कण त्यांनी काचेवर घेतला, सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला आणि बराच वेळ काढलाच नाही. मग मधुकररावांना बोलावलं. आत फांद्या फुटलेले धागे होते, गुंतलेले, नितळ.

"शिळ्या भाकरीवर येते त्याच जातीतली," भैय्याजी म्हणाले. "ही त्या पोरीच्या मेंदूत आहे, साहेब?"

वॉर्डातल्या डॉक्टरांनी काच पाहिली, पण उडी मारली नाही. "मेंदूत बुरशी? माझ्या उभ्या नोकरीत एक केस पाहिली नाही मी. पुस्तकात आहे. पण पुस्तकात ती मरणपंथाला लागलेल्या दुबळ्या माणसांना होते. ही धडधाकट पोर. आत शिरणार कुठून?"

"यावर औषध आहे का?"

"एकच आहे, अँफोटेरिसिन. मुंबईहून मागवावं लागेल, परवा विमानाने येईल. पण ते औषध म्हणजे अर्धं जहर. माणूस थडथड कापतो, मूत्रपिंडं निकामी होतात. ही बुरशी भैय्याजींच्याच खोलीतली निघाली, तर नसलेल्या रोगापायी मी या पोरीला हाताने मारलं असं होईल. तुम्ही मला एवढंच दाखवा वैरागडे, की ही बुरशी तिच्या पाठीत गेली कशी. दाखवलंत तर परवा संध्याकाळी सलाईन लावतो."

दोन दिवस होते. मधुकररावांनी गोपिकातून थिएटरचं रजिस्टर आणलं आणि वॉर्डाबाहेरच्या बाकावर मांडी घालून बसले. आतून अधूनमधून प्रेमिलाचं बरळणं ऐकू यायचं. ती कोणाला तरी उकळलेल्या सुयांचा ड्रम बंद करायला सांगत होती.

कूलर लावायचे दिवस आल्यापासून एकवीस जणांच्या पाठीत सुई गेली होती. चौघांना रोग झाला, बाकी सतरा जणांची काही तक्रार आलेली नव्हती. बायका, पुरुष? दोन्ही होते. वय? तरुण होते, म्हातारे होते. खाट, जेवण, वार, टाके घालणारा हात? काहीच जुळेना. हवालदाराने दोनदा चहा आणून दिला, त्यालाही आता त्या मुलीची दया यायला लागली होती. शेवटी मधुकररावांनी प्रत्येक नावासमोर नुसता क्रम लिहिला, त्या दिवशी सुई कितव्या नंबरला दिली तो.

पार्वतीबाई, दुसऱ्या. वामनराव, दुसरे. नानाजी, दुसरे. प्रेमिला, दुसरी.

ज्या दिवशी एकच सुई दिली, त्या दिवशीचा माणूस वाचला. ज्या दिवशी दोन दिल्या, त्या दिवशीचा पहिला वाचला आणि दुसरा आजारी पडला. असे दोन सुयांचे दिवस पाच होते. चार दिवसांचा हिशेब लागला, उरलेला दिवस तीस मेचा, आणि त्या दिवशीचा दुसरा पेशंट होता लहानू ढोके, हर्निया, राहणार सावनेर. त्याचं पुढे काय झालं हे कोणालाच ठाऊक नव्हतं.

५

सावनेरच्या एसटीत मधुकररावांना आपल्या मनाचीच लाज वाटत होती. लहानू आजारी निघावा, असं त्यांना वाटत होतं. तो आजारी निघाला तर हिशेब चोख बसत होता.

लहानू ढोके कोळशाच्या खाणीवर कामाला होता. तो दारात बसून भाकर आणि ठेचा खात होता, आणि त्याची तब्येत पाहून कोणालाही हेवा वाटला असता.

"डोकं दुखते का?" मधुकररावांनी विचारलं.

"माहं नाही जी. माह्यामुळे बायकोचं दुखते."

सगळा हिशेब कोसळला. मधुकरराव ओट्यावर बसून राहिले. पाणी पिऊन झालं आणि नुसतं उठायचं म्हणून त्यांनी तोच जुना प्रश्न विचारला. "ऑपरेशनच्या दिवशी वेगळं काही झालं होतं का?"

"झालं ना!" लहानू म्हणाला. "लाईन गेली व्हती."

मधुकरराव जागच्या जागी ताठ झाले. या प्रश्नाला 'हो' म्हणणारा पहिला माणूस भेटला होता, आणि तो जगलेला होता.

"पुरा एक घंटा उताना पडून व्हतो टेबलावर," लहानू रंगात आला. "पंखा बंद, कूलर बंद. डॉक्टर लोकाइच्या नाकावरून घाम गळून राहिला व्हता. आन मले टोचाच्या सुया, काचेची पिचकारी, सारं स्टोव्हवर शेकून राहिले व्हते, पापडावानी!"

"शेकत होते? कशाला?"

"सुकवाले म्हणे. तो भुलीचा डॉक्टर वल्ली घेतच नाही. रोज कायच्यावर सुकवतेत कोनाले ठाऊक."

"कोण शेकत होतं?"

"सगळ्याइच्या तोंडाले फडके. कोन कोन ते काय समजते?"

परतीच्या एसटीत मधुकरराव खिडकीबाहेर पाहत राहिले, पण त्यांना दिसत काहीच नव्हतं. आपण आठवडाभर सगळ्यांना चुकीचा प्रश्न विचारत होतो. वेगळं काय झालं? काहीच नाही, सगळे खरं बोलत होते. वेगळं झालं ते लहानूच्या दिवशी, आणि म्हणून लहानू वाचला. माणसं मारत होतं ते रोजचं काम.

६

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी डॉ. पातुरकर, डॉ. सारडा आणि चंद्रभान यांना थिएटरमध्ये उभं केलं. कूलर धडधडत होता.

"चंद्रभान, मी काही विचारत नाही," ते म्हणाले. "पहिला पेशंट झाला, दुसरा टेबलावर आला असं समजा. रोज करता ते करा."

चंद्रभानने सिरिंज आणि सुया भांड्यात घातल्या. पाणी खळखळलं. वीस मिनिटांनी चिमट्याने एकेक नग उचलून त्याने ट्रेमध्ये मांडला, वर उकळलेलं फडकं टाकलं. सगळं अगदी नियमात. मग त्याने सवयीने एक स्टूल पायाने पुढे ओढलं, त्यावर ट्रे ठेवला आणि फडकं काढून घेतलं. स्टूल कूलरच्या तोंडापुढे होतं. ओल्या सिरिंजवर वारा घुमायला लागला.

"बस," मधुकरराव म्हणाले.

ते बाहेर गेले, कूलरची मागची खसची, म्हणजे वाळ्याची, ताटी उपसून आत घेऊन आले आणि तिची कोरडी कड पांढऱ्या चादरीवर झटकली. हिरवट काळी भुकटी चादरभर पसरली. "ही खस केव्हाची?"

"गेल्या वर्षीची," पातुरकर हळू बोलले. "या वर्षी नवीन मिळायला उशीर झाला. ओलीच गुंडाळून ठेवली होती. वारा गार येत होता, म्हणून..."

"पहिल्या पेशंटचा संच पहाटे बंद ड्रममध्ये वाफेवर तयार होतो. तो कोरडाच निघतो, त्याला ही हवा लागत नाही," मधुकरराव म्हणाले. "दुसऱ्याचा संच उकळावा लागतो, म्हणून ओला निघतो. डॉक्टरसाहेबांना ओला चालत नाही, म्हणून या हवेवर सुकतो. नाकातोंडातून ही भुकटी रोज आपल्या सगळ्यांच्या आत जाते आणि शरीर तिचा निकाल लावतं. पण तुम्ही ती सुईच्या टोकावर बसवून मेंदूच्या पाण्यात सोडलीत, जिथे तिला अडवायला कोणी नाही. लहानूच्या दिवशी वीज नव्हती, सुया स्टोव्हवर सुकल्या. तो भाकर ठेचा खातोय."

सारडांनी ट्रेमधली सिरिंज उचलली. आपला सगळा अभिमान ज्या कोरड्या सिरिंजवर उभा होता, तिच्याकडे ते पाहत होते. "तीन माणसं," ते पुटपुटले. "मैंने ही टोची."

खसची काडी भैय्याजींकडे गेली आणि तिच्यावर तीच बुरशी आहे असं त्यांनी तासाभरात काचेवर दाखवलं. वॉर्डातल्या डॉक्टरांना एवढं पुरलं. संध्याकाळी विमानाने पेटी आली, आणि काळ्या कागदात गुंडाळलेली बाटली प्रेमिलाच्या खाटेवर लटकली. पहिल्या तासातच ती अशी कापायला लागली की खाट वाजायला लागली. भागीरथाबाई तिच्या अंगावर आडव्या पडून राहिल्या.

रिपोर्टसाठी एकच ओळ उरली होती. मधुकररावांनी चंद्रभानला विचारलं, "ट्रे कूलरपुढे ठेवायचं कोणी सुरू केलं?"

"मीच जी," चंद्रभान लगेच म्हणाला.

फारच लगेच म्हणाला. वीस वर्षं खोटं ऐकलेल्या कानाला ते खटकलं. घरी येऊन त्यांनी गोपिकातून आणलेलं हजेरीचं पुस्तक उघडलं. मुलीच्या लग्नासाठी चंद्रभान पाच ते वीस मे काटोलला गेला होता. पार्वतीबाईंचं ऑपरेशन नऊ मेला झालं होतं आणि वामनरावांचं सोळाला. त्या दोन्ही दिवशी थिएटरमध्ये सिरिंज उकळणारं माणूस एकच होतं, आणि रजिस्टरवर त्याची सही होती.

प्रेमिला गजभिये.

७

तीन आठवडे मधुकररावांनी तो रिपोर्ट पाठवला नाही. वरून दोन पत्रं आली, त्यांनी ती टेबलाच्या खणात सारली. प्रेमिलाचा ताप आधी एक दिवस उतरला, मग दोन दिवस, मग चढलाच नाही. लघवी कमी झाली होती ती पुन्हा सुरू झाली. डाव्या डोळ्याने तिला आता फक्त उजेड-अंधार कळत होता आणि उजव्यानेही अंधुकच दिसत होतं. पण मान वळत होती. मुलगी जगली होती. डॉक्टरांनी तसं सांगितलं त्या दिवशी मधुकररावांनी घरी जाऊन बायकोला उगाचच चार पेढे दिले.

कारण सापडलं पण माणूस सांगता येत नाही, एवढंच रिपोर्टात लिहायचं त्यांनी ठरवलं होतं. चंद्रभानलाही बजावून ठेवलं होतं. पोरीने पुष्कळ भोगलं होतं, तिला हे कळायची काही गरज नव्हती. निरोप घ्यायला म्हणून ते वॉर्डात गेले.

ती उशीला टेकून बसली होती. "काय निघालं जी, साहेब? कोनी काही सांगत नाही मले."

"कूलर निघाला," मधुकरराव म्हणाले. "जुनी खस होती, तिची बुरशी. औषधाचं काही नाही, चोरीचं काही नाही. तू आता बरी हो."

"कूलरची बुरशी सुईवर कशी आली?"

नर्सला हा प्रश्न पडणार, हे त्यांच्या लक्षातच आलं नव्हतं. ते खिडकीकडे पाहायला लागले.

"दोन तारखेले मी टेबलावर पडली होती," प्रेमिला म्हणाली. "चंद्रभानभाऊनं ट्रे स्टुलावर ठेवला, कूलरच्या पुढं. फडकं काढलं. मी पाहून राहिली होती साहेब. मले इतकं बरं वाटलं! म्हटलं, शिकला बाप्पा भाऊ. मीच त्याले दाखवलं होतं ना."

"प्रेमिला, हे बघ..."

"पार्वतीबाई सकाळपासून उपाशी होत्या. पानी नाही का चहा नाही. पहिली केस लांबली. सिरिंज सुकत नव्हती आन सारडासाहेब वली घेत नाही. त्या मावशी टेबलावर पडून रडून राहिल्या होत्या. म्हटलं, कूलरच्या हवेवर पाच मिनिटात सुकते. सुकली बी. सारडासाहेब म्हणाले, वा सिस्टर!"

"म्हणजे त्यांनी पाहिलं होतं," मधुकरराव घाईने म्हणाले. ही फट त्यांना हवीच होती. "मग जबाबदारी त्यांची. शिवाय खस बदलायचं काम पातुरकरांचं. तुझं नाव यात यायचं कारणच नाही. मी खसचं लिहितो आणि पाठवतो."

"नाही जी. खसचं लिहाल त लोक नवी खस लावतीन आन ट्रे पुन्हा तिथंच ठेवतीन." ती धापा टाकायला लागली, पण थांबली नाही. "नागपुरात किती थिएटर हायेत, साहेब? साऱ्याइत कूलर हाय. साऱ्या भुलीच्या डॉक्टराइले सुकी सिरिंज पाहिजे. माह्यासारखी कोनी ना कोनी सिस्टर आजही पेशंटची दया येऊन ठेवत असन. तिले कळलं पाहिजे. कोनं ठेवला, काहून ठेवला, सारं लिहा."

"नर्सच्या नोंदणीतून तुझं नाव कमी करतील. कदाचित केसही होईल."

"व्हय ना."

"वं प्रेमिला," भागीरथाबाई घाबरून म्हणाल्या, "तुनं काय केलं वं?"

"चांगलंच करायले गेली होती, माय," प्रेमिला म्हणाली आणि तिचा चेहरा चुरगळला. एकवीस सुया, थरकाप, डोळा गेला तेव्हाही न रडलेली मुलगी आईच्या खांद्यात तोंड खुपसून रडली. मधुकररावांचेही डोळे भरून आले आणि त्यांनी ते लपवले नाहीत.

मग त्यांनी कागद काढला आणि ती सांगत गेली तसं लिहीत गेले. चंद्रभान, सारडा, पातुरकर, भैय्याजी, कोणालाच सोडलं नाही, आणि तिलाही नाही. वाचून दाखवलं. एका ठिकाणी त्यांनी 'अजाणतेपणी' असा शब्द घातला होता, तेवढा तिने राहू दिला. सहीची ओळ तिला दिसेना. मधुकररावांनी तिचं बोट धरून जागा दाखवली आणि तिने सावकाश आपलं पूर्ण नाव लिहिलं.

"पार्वतीबाईच्या घरी कोनी सांगितलं का जी?" तिने विचारलं.

"अजून नाही."

"मंग नका सांगू कोनी," ती म्हणाली. "मले चालता येऊ द्या. मीच जाते."